जॉर्ज कार्व्हर व रानातले अन्न

गिलगाल येथे दुष्काळ पडला असता संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकजण भाजी खुडावयास रानात गेला. त्यास एक रानवेल आढळली. तिची फळे कोणती हे न जाणताच त्याने ती ओटीत भरून आणिली व चिरून हंड्यात टाकिली. पुढे काय झाले ते आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मंडळीत ही कथा वाचून दाखविताना आपले लक्ष बहुधा अलीशाकडे व त्याने हंड्यात टाकलेल्या पिठाकडेच असते. त्या भुकेल्या तरुणाकडे फारसे कोणी पाहत नाही. परंतु त्याचा अपराध तो काय? तो आळशी नव्हता, लोभीही नव्हता; आपल्या बंधूंच्या पोटात काही जावे म्हणूनच तो गेला होता. त्यास त्या वेलीची ओळख नव्हती, एवढेच. ज्या गृहस्थाचे चरित्र आज आम्ही सांगणार आहो, त्यांनी आपले सारे आयुष्य अशी ओळख करून घेण्यात व ती अत्यंत गरीब लोकांस करून देण्यात वेचिले. त्यांचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

हे नाव भुईमुगाच्या संबंधाने पुष्कळांनी ऐकिले असेल. शाळेच्या पुस्तकांतूनही ते तसेच येते. भुईमुगाची गोष्ट आम्ही पुढे थोडक्यात सांगूच. परंतु आमच्या मते ह्या मनुष्याचे थोरपण शेंगांपेक्षा तणात अधिक दिसते.

अमेरिकेच्या मिसूरी प्रांतात डायमंड नावाच्या खेड्याजवळ मोझेस कार्व्हर ह्या शेतकऱ्याच्या घरी १८६४ च्या सुमारास जॉर्जचा जन्म झाला. जन्माची नेमकी तारीख कोणी लिहून ठेविली नाही, कारण तो गुलामाचा मुलगा होता व त्याची आई मेरी हीस मोझेसने १८५५ साली ७०० डॉलर देऊन विकत घेतले होते. त्या वेळी त्या देशात गुलामगिरीवरून आपसांत युद्ध चालले होते व सरहद्दीवर लुटारूंच्या टोळ्या फिरत होत्या. अशा एका टोळीने रात्री येऊन मेरीस व तिच्या तान्ह्या बालकास पळवून नेले. मोझेसने शोधास पाठविलेल्या मनुष्याने बालक तेवढे परत आणिले. आईचा पत्ता पुढे कधीच लागला नाही. ह्या कामाबद्दल त्या मनुष्यास एक घोडा देण्यात आला, असे सांगतात. गुलामगिरी उठल्यावर मोझेस व त्याची बायको सुझन ह्यांनी जॉर्जला व त्याचा भाऊ जिम ह्यास घरच्या मुलांप्रमाणे वाढविले.

जॉर्ज प्रकृतीने अगदी किरकोळ होता. डांग्या खोकल्याने त्याचा आवाज जो बारीक झाला तो जन्मभर तसाच राहिला. जिम शेतावर राबे. जॉर्जला मात्र सुझनबाईच्या हाताखाली चूल, धुणे, शिवणकाम व परसातला वाफा ही कामे मिळाली. कोणास वाटेल की मुलग्यास हे काम कमीपणाचे. परंतु भाजी निवडणाऱ्याच्या हातास जे कळते ते नांगर धरणाऱ्यास क्वचितच कळते. कोवळे पान कोणते, जून कोणते, देठ कोठपर्यंत मोडतो व कोठून पुढे त्याचा नुसता दोर होतो, हे सर्व बोटांनी शिकावयाचे असते. रिकामा वेळ मिळाला की तो ओढ्याकाठच्या रानात जाई. तेथे झुडपांच्या आड त्याने स्वतःची एक चोरटी बाग केली होती. आणलेली रोपे तो तेथे लावून त्यांची निगा राखी. मेलेली रोपे ह्याच्या हाती जगतात असा बोभाटा झाल्यावर आसपासच्या बाया आपली आजारी झाडे ह्या पोराकडे दाखवावयास आणू लागल्या.

डायमंडच्या शाळेत काळ्या मुलांस घेत नसत. म्हणून अकरा-बारा वर्षांचा असता तो सुमारे ८ मैल चालून नीओशो गावी गेला. तेथे मरायह वॉटकिन्स नावाच्या एका काळ्या बाईने त्यास आपल्या घरी ठेवून घेतले. ती सुईण होती, लोकांचे कपडे धुई, आणि रानातली मुळ्यापाने औषधास कशी वापरावी हे तिला ठाऊक होते. आपण जे शिकशील ते आपल्या लोकांस परत दे, असे तिने त्यास बजाविले होते. तिने दिलेले बायबल त्याने मरेपर्यंत वापरिले. पुढे मोठमोठ्या विद्यालयांत कार्व्हर शिकले खरे, परंतु वनस्पतिशास्त्राचे त्यांचे पहिले गुरुकुल म्हणजे ह्या दोन बायांची स्वयंपाकघरे होत, असे आम्हास वाटते.

ह्यानंतरची दहा-बारा वर्षे भटकंतीची गेली. कॅन्सस प्रांतात फोर्ट स्कॉट येथे १८७९ साली एका काळ्या मनुष्यास जमावाने तुरुंगातून ओढून ठार मारिले, ते ह्या पोराने डोळ्यांनी पाहिले व त्याच रात्री गाव सोडिले. कोठे स्वयंपाक, कोठे धुणे करून त्याने शाळा पुरी केली. १८८५ साली हायलंड येथील एका ख्रिस्ती महाविद्यालयाने पत्राने त्यास प्रवेश दिला. परंतु तो दारी उभा राहताच त्याचा रंग पाहून त्यास परत पाठविले. हे आम्ही मुद्दाम लिहितो. जातीचा विटाळ बाहेरच्यांच्याच घरी असतो असे समजून आपण निश्चिंत बसू नये. मग त्याने पश्चिमेकडे ओसाड माळावर सरकारी जमीन घेऊन मातीच्या ढेपांचे घर बांधिले व शेती करून पाहिली. तीही नीट साधली नाही.

अखेरीस १८९० साली आयोवा प्रांतातील सिम्प्सन महाविद्यालयात त्यांस आसरा मिळाला. फी भरल्यावर हाती केवळ दहा सेंट राहिले. त्यांत मक्याचे पीठ व थोडी गुरांची चरबी घेऊन त्यांनी पहिले दिवस काढिले. भूक म्हणजे काय हे त्यांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते तेथे चित्रकला शिकत होते. परंतु त्यांच्या शिक्षिकेने त्यांच्या चित्रांतली झाडे पाहून त्यांस एम्स येथील शेतकी महाविद्यालयात जाण्याची सल्ला दिली. तेथेही पहिल्याने त्यांस विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात बसू दिले नाही. १८९४ साली ते पदवीधर झाले व १८९६ साली त्यांनी वरची पदवी घेतली.

एम्स येथे लुई पॅमेल हे त्यांचे गुरू. त्यांच्या हाताखाली कार्व्हर ह्यांनी बुरशी, तांबेरा व अळंबी ह्यांचा अभ्यास केला, व त्यांत त्यांची नजर इतकी तरबेज झाली की त्यांनी शोधिलेल्या काही बुरशींस त्यांचेच नाव मिळाले आहे. ह्या विद्येचे येथे दोन शब्दांत महत्त्व सांगितले पाहिजे. पानाच्या बाबतीत मनुष्य चुकला तर बहुधा जीभ त्यास सावध करिते. कडू किंवा तिखट लागले की तो थुंकून टाकितो. अळंबीचे तसे नाही. तिकडील रानांत एक पांढरीशुभ्र व एक हिरवट छत्रीची, अशा दोन घातक जाती आढळतात. त्या चवीस वाईट लागत नाहीत, शिजविल्याने त्यांचे विष जात नाही, व खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ, काहीच होत नाही. मग ओकाऱ्या व जुलाब होतात. ते थांबून मनुष्यास बरे वाटू लागते. आणि त्या बरे वाटण्याच्या दिवसांतच आतून यकृत नासत असते. चांदीचे नाणे भांड्यात टाकावे व ते काळे पडले तरच अळंबी विषारी समजावी, असा एक समज पुष्कळ देशांत आहे. तो साफ खोटा आहे. अळंबीस सर्वसाधारण अशी परीक्षाच नाही. त्या त्या जातीची प्रत्यक्ष ओळख हीच एक परीक्षा. जी ओळखीची नाही ती घरात आणू नये.

१८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन ह्यांनी कार्व्हर ह्यांस अलाबामा प्रांतातील टस्कीगी येथे आपल्या शाळेत बोलाविले. वॉशिंग्टन हेही गुलामगिरीतच जन्मले होते. पगार वर्षास १,००० डॉलर. प्रयोगशाळा नाही, सामान नाही. कार्व्हर व त्यांच्या विद्यार्थ्यांनी उकिरड्यावरून बाटल्या, डबे व फुटकी भांडी गोळा करून काम सुरू केले.

तेथे त्यांस जे दिसले ते आपल्याकडील वाचकांस समजावयास कठीण नाही. गुलामगिरी उठली होती, पण जमीन मालकाची होती. कुळाने कापूस पिकवावयाचा, अर्धा मालकास द्यावयाचा, आणि वर्षभर दुकानातून उधारीवर पीठमीठ आणावयाचे. पीक निघाले की उधारी फेडिता फेडिता हाती काही उरत नसे. मालकास नगद पीक हवे म्हणून कापूस थेट दारापर्यंत लाविलेला. परसात एक वाफा भाजीचा नाही. खावयास काय, तर मक्याची भाकर, डुकराची चरबी व काकवी. हिवाळाभर हेच. मग वसंत ऋतूत हातांची व मानेची कातडी लाल होऊन सोलू लागे, जुलाब लागत, बुद्धी भ्रमे, व शेवटी माणसे मरत. ह्या रोगाचे नाव पेलाग्रा. लोकांस तो स्पर्शजन्य वाटे. १९१४ सालापासून डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर ह्यांनी दाखवून दिले की तो संसर्गाने होत नसून निकस अन्नाने होतो, आणि १९३७ साली त्यातील उणे असलेले जीवनसत्त्व कोणते तेही कळले. (आपल्या दख्खनच्या पठारावर केवळ ज्वारीवर राहणाऱ्या लोकांतही हा रोग असल्याचे हैदराबादच्या संशोधकांनी १९६० साली नोंदविले आहे.)

कार्व्हर पहाटे चारला उठत व पाठीस पत्र्याचा डबा अडकवून रानात जात. ही फेरी हीच त्यांची प्रभातकाळची उपासना असे. येताना डब्यात नाना प्रकारची पाने असत. त्यांतली काही प्रयोगशाळेत जात व काही त्यांच्या स्वतःच्या ताटात. ज्या कुळांच्या दारातून ते येत त्या दारांत मुले पोट फुगून बसलेली असत, आणि त्याच दाराशी, त्याच कापसाच्या बांधावर, कोणी न खुडलेली भाजी गुडघाभर वाढलेली असे. ह्या गोष्टीने त्यांच्या मनास जो चटका लागला तो अखेरपर्यंत गेला नाही.

टस्कीगीहून त्यांनी लहान लहान पत्रके छापून फुकट वाटण्यास आरंभ केला. त्यांतले पहिलेच, १८९८ सालचे, ओकच्या झाडाखाली पडून कुजणाऱ्या फळांविषयी होते. ती डुकरांस घातली असता दाण्याचा खर्च वाचतो. ह्या फळांत तुरट द्रव्य फार असते. डुकरास ते चालते, परंतु गाईने पोटभर खाल्ली तर तिची मूत्रपिंडे बिघडतात. एकाचे अन्न ते दुसऱ्याचे विष, ही गोष्ट ह्या विषयात अशी पहिल्या पावलापासूनच भेटते. १९१७ साली त्यांनी रानटी आलुबुखारच्या जातीच्या फळांवर एक पत्रक काढिले व ती वाया न घालविता वापरण्याच्या ४३ रीती दिल्या. जे कागद वाचू शकत नव्हते त्यांच्याकरिता १९०६ साली एक गाडी तयार झाली. जेसप नावाच्या दात्याने पैसे दिले म्हणून तिला जेसप गाडी म्हणत. घोडे जोडलेली ही शाळा शेतकऱ्याच्या दारी जाऊन उभी राही. आमच्या उपदेशक बंधूंपैकी जे बैलगाडीने गावोगाव हिंडले आहेत त्यांस त्या गाडीचे मोल सांगावयास नको.

आता त्या भाज्यांविषयी. त्यांतल्या कित्येक आपल्या ओळखीच्या निघतील. तिकडे शेतात तण म्हणून उपटून टाकितात तो आपला चाकवत. तिकडील आंबट गवत हे आपल्या चुक्याच्या गोत्रातले. कार्व्हर त्याचे गोड पक्वान्नही करावयास सांगत. तिकडे मिरीगवत म्हणतात ते अहाळिवाचे भावंड. डँडेलियन नावाचे पिवळ्या फुलाचे झाड आपल्या मैदानी गावांत सहसा दिसत नाही; त्याची पाने फुलावर येण्यापूर्वी कोशिंबिरीस चांगली, आणि फूल आले की कडू होतात. चाकवताचेही तसेच, कोवळा शेंडा खुडावा, बी धरल्यावर सोडून द्यावा. ह्या साऱ्या भाज्यांचा मोठा गुण हा की हिवाळ्याच्या शेवटी, घरचा वाफा रिकामा असता व पेलाग्रा डोके वर काढीत असता, त्या सर्वांआधी उगवतात.

परंतु अलाबामाच्या गरिबांची सर्वांत आवडती रानभाजी म्हणजे पोकवीड, आणि आमच्या सांगण्याचा गाभा ह्या एका झाडात आहे. वसंताच्या आरंभी त्याच्या जाड मुळातून हिरवे, रसरशीत कोंब वर येतात. ते वीतभर उंच असतात तोवर, व देठावर तांबूस झाक चढलेली नसते तोवर, लोक ते कापून आणितात. खोदून नव्हे, वरून कापून. कारण कोंबासोबत मुळाचा तुकडा आला तर सारे भांडे बिघडले. मग ते उकळून पाणी फेकून द्यावयाचे, पुन्हा नवे पाणी घालून उकळावयाचे व तेही फेकावयाचे, आणि नंतर फोडणीस टाकावयाचे. तेच झाड उन्हाळ्यात पुरुषभर उंच होते, देठ जांभळे-तांबडे होतात, काळ्या-जांभळ्या फळांचे घोस लोंबू लागतात. पक्षी ती फळे सुखाने खातात. पोरे पक्ष्यांचे पाहून खातात व आजारी पडतात. मूळ तर सर्वांत घातक. त्याचा आकार खाण्याच्या कंदांसारखा असल्यामुळे फसून ते शिजविणारांची पोटे अक्षरशः उलटी होतात.

पाणी फेकण्याची ही रीत कोणा पंडिताने काढिलेली नाही. ती त्या प्रांतांतील गरीब बायांनी पिढ्यान्‌पिढ्या लेकीसुनांस दिलेली आहे. आपल्याकडे कडू कंद चिरून वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवणारी आदिवासी बाई, किंवा शेवळे काकडाच्या फळांवाचून चुलीवर न चढविणारी ठाणे जिल्ह्यातील वारलीण, हीच विद्या जाणते. कार्व्हर ह्यांचा विशेष हा की सूक्ष्मदर्शक हाती आल्यावर त्यांनी ह्या विद्येस हसण्याचे मनात आणिले नाही. तथापि आजचे ज्ञान एक पाऊल पुढे जाऊन सांगते की उकळल्यानेही ह्या झाडाचे विष सर्वस्वी जाईलच असा भरवसा नाही. १९८० साली न्यू जर्सी प्रांतातील एका शिबिरात पाणी बदलून उकळलेले पोकवीड खाऊन अनेक मंडळी आजारी पडली होती. म्हणून लहान मुलांस व गरोदर स्त्रियांस ते देऊच नये, आणि ज्याने जाणत्याजवळ राहून शिकले नाही त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये, हेच आम्ही म्हणू.

येथे एक घाईचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: कोवळे ते चांगले, जून ते वाईट. हे बहुतेक पानांविषयी खरे असले तरी नियम म्हणून खोटे आहे. आमच्या शेतकरी वाचकांस ज्वारीची किराळ ठाऊक आहे. कोवळी किंवा पाण्यावाचून खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर पाहता पाहता आडवे पडते, आणि तीच ज्वारी पोसून निसवल्यावर तिचा कडबा ते वर्षभर खाते. तिकडे रानटी चेरीच्या झाडाची गोष्ट निराळीच. वादळात मोडून पडलेली तिची डहाळी कोमेजू लागली की त्या पानांत हेच किराळीचे विष मोकळे होते व कुंपणाशी चरणारी गाय त्याने मरते. झाड एक, विष एक, पण एकाचा काळ कोवळेपणी, दुसऱ्याचा कोमेजताना. तेव्हा प्रत्येक झाडाची वेळ त्या त्या झाडापासूनच शिकली पाहिजे. शेजारच्या झाडाची वेळ त्यास लावता येत नाही. ओढ्याकाठी वाढणाऱ्या एका झाडास तर तिकडे वेळच नाही: जलहेमलॉक म्हणतात त्याचे मूळ कोवळे असो, जून असो, गाजराच्या जातीचे समजून दोन घास खाल्ले की झटके येऊन मनुष्य काही तासांत मरतो.

आणि झाड निर्दोष असूनही जागा दोषी असते. कापसाच्या बोंडांत शिरणारा किडा १९१० च्या सुमारास अलाबामात पोहोचला. पुढे त्यास मारण्याकरिता सोमलाचा एक क्षार भुकटी करून शेतांवर उडवू लागले. तोवर बांधावरची जी भाजी खुशाल खावी ती त्या दिवसापासून खाण्याजोगी राहिली नाही, आणि पानाकडे पाहून हे कळावयाचे कसे? आज आपल्या गव्हाच्या शेतांतील चाकवतावर व बांधावरील घोळीवर तणनाशके व कीटकनाशके पडतात. आजी ज्या बांधावरून भाजी आणी त्याच बांधावरून ती आणिली, एवढ्याने ती निर्धोक ठरत नाही. शेजाऱ्यास विचारावे, त्याने काय फवारिले व केव्हा.

ह्याच किड्याने कापूस बुडविला तेव्हा कार्व्हर ह्यांच्या भुईमुगास दिवस आले. जमीन कापसाने खंगली असता भुईमूग, चवळी व रताळी लावावी असे ते केव्हापासून सांगत होते. १९२१ साली त्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगाचे नाना पदार्थ मांडून दाखविले व एका दिवसात ते देशभर प्रसिद्ध झाले. शेंगांपासून तीनशे वस्तू त्यांनी शोधिल्या असे जे म्हणतात त्यांत पुष्कळ अतिशयोक्ती आहे. कित्येक कृती पूर्वीच्याच होत्या, आणि भुईमुगाचे लोणी तर त्यांनी मुळीच शोधिले नाही. त्यांच्या थोरवीस ह्या भरीची गरज नाही.

त्यांचा हिंदुस्थानाशीही थोडा संबंध आला. दीनबंधू अँड्र्यूज १९२९ साली टस्कीगीस गेले होते, व त्यांच्यामुळे महात्मा गांधी व कार्व्हर ह्यांचा परिचय होऊन पत्रव्यवहारही झाला. गांधीजींनी १९३५ साली वर्ध्यास मगनवाडीत राहून साध्या हिरव्या पाल्याचे आहारातील प्रयोग केले व त्याविषयी हरिजन पत्रात लिहिले. एकमेकांस कधी न भेटलेले हे दोन वृद्ध, एक अलाबामात व एक वऱ्हाडच्या वेशीवर, गरिबाच्या ताटात हिरवे पान कसे पडेल ह्याच एका चिंतेत होते, हे आम्हास मोठे गोड वाटते.

पुढे दुसरे महायुद्ध आले. अमेरिकेत लोकांस परसात भाजी लावण्याचा आग्रह होऊ लागला. १९४२ साली, वयाची पंचाहत्तरी उलटली असता, कार्व्हर ह्यांनी एक पत्रक काढिले. त्याच्या नावाचा अर्थ असा: विजय व शांतता ह्यांकरिता निसर्गाची बाग. बी नाही, खत नाही, नांगर नाही, अशी ही बाग. त्यांत रानटी पालेभाज्यांची ओळख व त्या रांधण्याच्या कृती आहेत. पेढीवर लक्षावधी रुपये असलेल्या कारखानदारांनी त्यांस पूर्वी मोठाल्या पगारांवर बोलाविले असता ते गेले नाहीत, आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्यांनी लिहावयास घेतले ते दाराशी उगवलेल्या तणाविषयी. ज्यांच्याजवळ वाफ्यापुरतीही जमीन नाही त्यांचा विचार त्या युद्धाच्या गडबडीत आणखी किती जणांनी केला असेल?

ते अविवाहित होते व विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात दोन खोल्यांत राहत. पगाराचे धनादेश पुष्कळदा तसेच टेबलाच्या खणात पडलेले असत. अंगात जुना कोट, पण त्याच्या भोकात रोज एक ताजे फूल. रविवारी सायंकाळी ते मुलांचा बायबलवर्ग घेत. साठलेले सुमारे ६०,००० डॉलर त्यांनी टस्कीगी येथे संशोधनास देऊन टाकिले. १९४३ च्या ५ जानेवारीस त्यांचे देहावसान झाले, व बुकर वॉशिंग्टन ह्यांच्या शेजारी त्यांस मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षी १४ जुलैस अमेरिकेच्या सरकारने डायमंड येथील त्यांची जन्मभूमी राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेविली. ज्या मुलाच्या बदल्यात एक घोडा दिला गेला त्याच्या नावाने आज तेथे रान उभे आहे, आणि ओढ्याकाठच्या ज्या झाडीत त्याने आपली चोरटी बाग केली होती तिच्यातून पायवाट जाते.